पेटच्या चुऱ्यातला पीव्हीसी पाण्याच्या हौदात वेगळा का होत नाही?

प्रश्न
बेळगावच्या उद्यमबागेत पेट नावाच्या प्लास्टिकच्या बाटल्या धुऊन चुरा करण्याचा आमचा छोटा कारखाना आहे. माल खानापूर, निपाणीकडच्या भंगारवाल्यांकडून येतो. झाकणांचे तुकडे हौदात आपोआप वर येतात. परंतु बाटलीला आवळून बसवलेल्या लेबलांतला पीव्हीसी (दुसरे एक प्लास्टिक) पेटबरोबर तळालाच बसतो. मिठाचे दाट पाणी करून पाहिले, तरी उपयोग झाला नाही. वितळवल्यावर माल पिवळा पडतो म्हणून गिऱ्हाईक तो परत पाठवते. फेसावर तरंगवून वेगळे करण्याची रीत आम्हाला जमेल काय?

उत्तर १
मिठाने भागणार नाही. पेटची घनता पाण्याच्या १.३८ पटीच्या आसपास आणि पीव्हीसीची, त्यात काय मिसळले आहे त्यानुसार, साधारण १.२ ते १.५, म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळलेल्याच. पेट २६० ते २८० अंश सेल्सिअसला वितळवताना पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि ती पेटच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडते.

बुडबुडा ज्या पृष्ठभागावर पाणी पसरत नाही त्यालाच धरतो. खनिजे वेगळी करण्याची ही जुनी रीत. पण येथे दोन्ही प्लास्टिके पाण्याला नकोसेच मानतात, म्हणून बुडबुडे दोघांनाही चिकटतात. त्यांपैकी एकाला पाणी धरायला शिकवावे लागते. गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात पेटच्या पृष्ठभागावरचे एस्टर बंध (त्याच्या साखळीतले जोड) तुटून तेथे हायड्रॉक्सिल आणि कार्बोक्सिल हे पाणी धरणारे गट उघडे पडतात व तो ओला राहू लागतो. पीव्हीसीत एस्टर नसल्याने तो तसाच राहतो आणि बुडबुड्यांवर चढून वर येतो. निपाणी-अथणीकडे चपलांचे कातडे कमावण्यासाठी जो हिरडा वापरतात, त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याच्या जातीची द्रव्येही काही प्लास्टिकांना असेच ओले करण्यासाठी वापरली जातात. मात्र हिरड्याने आपला चुरा रंगेल, म्हणून तो नको.

उत्तर २
वरील उत्तरात एक भर घालतो. आपण गरम धुण्यात साबण वापरत असाल, तर तो दोन्ही प्लास्टिकांवर बसून त्यांना सारखेच ओले करतो आणि केलेली मेहनत फुकट जाते. कॉस्टिकनंतर चुरा साध्या पाण्याने स्वच्छ खळबळून घ्यावा. आवळलेली सर्वच लेबले पीव्हीसीची नसतात. तापवून लाल केलेली तांब्याची तार तुकड्याला टेकवून पुन्हा ज्योतीत धरल्यास पीव्हीसीची ज्योत हिरवी दिसते. हे उघड्यावर करावे, धूर ओढू नये. त्यानंतर हौद बांधण्याआधी काचेच्या ग्लासात थोडा चुरा घेऊन त्यावर पिण्याचा बुडबुड्यांचा सोडा ओतून पाहावे.

प्रश्नकर्ता
काल पाहिले. लेबलाच्या तुकड्यांवर मोहरीएवढे बुडबुडे जमले आणि ते वर गेले. पेट तळाला राहिला, चार-दोन तुकडे सोडून.

उत्तर २
ते तुकडे पुन्हा कॉस्टिकमध्ये घालून दुसऱ्या फेरीत तरंगवावेत. चुरा काही मिलिमीटरपेक्षा जाड ठेवू नये, बुडबुड्याला वजन पेलत नाही.