सफाईच्या कामासाठी क्लायंटसमोर प्रेझेंटेशन : तुमचे अनुभव लिहा

बाणेरवाली

नमस्कार मंडळी. मी आणि माझी नणंद बाणेर-बालेवाडी भागात घरांचं डीप क्लीनिंग करतो. आता पहिल्यांदाच एका ऑफिसकडून विचारणा आलीय, रोजचं हाउसकीपिंग हवंय त्यांना, आणि ॲडमिनच्या मॅडम म्हणाल्या की पंधरा मिनिटांत काय ते येऊन दाखवा. घरांच्या कामात असं काही लागत नाही, बायका एकमेकींना आमचा नंबर देतात आणि काम येतं. ज्यांनी असं प्रेझेंटेशन केलंय किंवा समोर बसून ऐकलंय त्यांनी प्लीज लिहा, काय दाखवलं, काय विचारलं गेलं, आणि काम मिळालं नसेल तर तेही लिहा. आमच्या बायका फार चांगलं काम करतात, त्यांना रोजचं आणि पक्कं काम मिळावं असं मनापासून वाटतंय.

भोसरीकर

ताई, जागा बघितल्याशिवाय एकही स्लाइड बनवू नका. मी एमआयडीसीतल्या कंपन्यांची कामं घेतो आणि मीटिंगच्या आधी वेगळा अर्धा तास मागून घेतो, सगळे मजले फिरतो, टॉयलेट किती, फरशी कसली, पाणी बोअरचं का टँकरचं का महापालिकेचं, कचरा खाली कुठून नेतात, बादल्या-मशीन ठेवायला खोली आहे का, सगळं वहीत लिहून घेतो. मग प्रेझेंटेशनमध्ये आपली कंपनी कधी सुरू झाली वगैरे एका ओळीत संपवायचं आणि सरळ त्यांच्या बिल्डिंगवर यायचं.

एक उदाहरण देतो. एका ठिकाणी टँकरचं पाणी होतं, बेसिनच्या कडेला आणि नळाखाली क्षाराचा पांढरा थर, आणि पॅसेजला कोटा. आधीची माणसं थर काढायला ॲसिड वापरत होती आणि तेच ओघळून कोट्याची चमक गेली होती. कोटा, शहाबादी, संगमरवर हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड, ॲसिड पडलं की खाल्लेच जातात. मी एवढंच दाखवलं की बेसिनला काय वापरणार, पॅसेजला काय वापरणार आणि दोन्हीच्या बादल्या वेगळ्या कशा ठेवणार. तिथले मॅनेजर पुढे सरकून बसले, कारण हे त्यांच्या फरशीबद्दल होतं.

पण फोटो दाखवताना जपा. समोर बसलेल्या माणसाच्याच देखरेखीखाली ती जागा आहे, त्याच्या साहेबासमोर घाणीचे फोटो मोठे करून दाखवले तर तो मनातून तुमच्या विरोधात जातो. फोटो परवानगी घेऊनच काढायचे, आणि 'इथे असं आहे' यापेक्षा 'इथे आम्ही असं करू' हे जास्त बोलायचं.

खराडीवाली

भोसरीकर दादांशी सहमत. माझा मुद्दा रेटचा. आयटीवाल्यांकडे नुसता पर हेड आकडा टाकला की ते थेट घासाघीस सुरू करतात, म्हणून मी एक स्लाइड पूर्ण ब्रेकअपची ठेवते. किमान वेतन अधिक विशेष भत्ता, त्यावर मालकाचा पीएफ आणि त्याचे चार्जेस धरून १३ टक्के, ईएसआयसी म्हणजे कामगार विम्याचे ३.२५, बोनस ८.३३, सुट्टीवर जाणाऱ्यांच्या बदलीचा खर्च, मटेरियल, आपला सर्व्हिस चार्ज, आणि शेवटी १८ टक्के जीएसटी. मग मी स्पष्ट सांगते की वरच्या ओळी कायद्याच्या आहेत, त्यात कमी होणार नाही, बोलायचं तर सर्व्हिस चार्जवर आणि मटेरियलवर बोलू. एका ठिकाणी असंच सांगितल्यावर ते दुसऱ्या स्वस्त पार्टीकडे गेले. गेले तर गेले, बायकांचा पीएफ बुडवून मला काम नको होतं आणि आजही नकोय.

विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो हेही तिथेच सांगून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी बिल वाढलं की वाद होतो.

आणि बायका कुठे राहतात ते लिहा!! सकाळी सातला स्टाफ पोचणार कसा हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आलाय.

सहकारनगरचे काका

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा, आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे. गेल्या वर्षी आम्ही तीन पार्ट्यांना बोलावलं होतं. दोघांनी मोठमोठ्या काचेच्या इमारतींचे फोटो दाखवले, आमची तर साधी चार मजल्यांची जुनी बिल्डिंग. तिसरा मुलगा आमच्या जिन्याबद्दल बोलला, पावसाळ्यात चिखल कुठे साचतो, डक्ट कधी साफ करणार, ओला-सुका कचरा गोळा करायला कचरावेचकांच्या 'स्वच्छ' नावाच्या संस्थेच्या ताई येतात त्यांच्या वेळेआधी डबे गेटपाशी कोण आणून ठेवणार. हे शेवटचं आमच्याकडे रोजच्या भांडणाचं कारण होतं आणि त्याने ते गेटवरच्या वॉचमनला विचारून काढलं होतं. काम त्यालाच दिलं, रेट सगळ्यात कमी नसूनसुद्धा.

अजून एक, सोसायटीला बहुतेक वेळा जीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणजे भरलेला टॅक्स वळता होत नाही, तेव्हा टॅक्ससकट आकडा सांगा. 'प्लस जीएसटी' म्हणून खाली बारीक अक्षरात लिहिलेलं कमिटीला आवडत नाही, खजिनदाराला तर अजिबातच नाही.

टिळक रोडवरून

क्लिनिकचं काम बघत असाल तर वेगळी तयारी लागते. डॉक्टर मॅडमनी मला चमक, सुगंध काहीच विचारलं नाही, एकच विचारलं, पिवळ्या पिशवीत काय आणि लाल पिशवीत काय. मी सोबत आमच्या मावशींना नेलं होतं, त्यांनीच उत्तर दिलं, रक्त लागलेला कापूस पिवळ्यात, सलाइनच्या नळ्या लालमध्ये, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. तिथेच बोलणं संपलं आणि कधीपासून येणार ते विचारलं.

बिबवेवाडी

मी थोडं वेगळं सांगतो, लॅपटॉप नेऊच नका असं माझं मत. लाल, निळा, हिरवा, पिवळा असे चार कपडे न्यायचे आणि टेबलावर ठेवायचे, लाल टॉयलेटचा, पिवळा बेसिनचा, हिरवा पँट्रीचा, निळा डेस्कचा, म्हणजे टॉयलेटचा कपडा पँट्रीत जाणार नाही हे न सांगता कळतं. मग त्यांच्याच एका कोपऱ्यातली दोन फूट फरशी घासून दाखवायची. ॲडमिनवाले लोक दिवसभर स्लाइडच बघतात हो. आणि ब्लीच आणि ॲसिड एकत्र केलं तर क्लोरीन वायू होतो, म्हणून आमच्याकडे बाटल्यांवर मराठीत लेबल असतं, ती एक बाटली मी नेतोच, कारण ती बघून कळतं की आपण आपल्या माणसांची काळजी घेतो.

बाणेरवाली

किती छान लिहिलंय सगळ्यांनी, खरंच आभार. टिळक रोडवाल्या ताईंचं वाचून वाटतंय की आमच्या सगळ्यात जुन्या मावशींना सोबत न्यावं. पण त्या ऑफिसात बोलायला बिचकतील, आणि मॅडम इंग्लिशमध्ये सुरू झाल्या तर?

टिळक रोडवरून

न्याच. त्यांना भाषण द्यायचं नाहीये, फक्त कामाचा प्रश्न आला की उत्तर त्यांनी द्यायचं, मराठीतच. इंग्लिशमध्ये विचारलं तर तुम्ही मावशींना मराठीत सांगा आणि थांबा, मध्येच स्वतः उत्तर देऊ नका. आदल्या दिवशी त्यांना ऑफिस बाहेरून दाखवून आणा, कुठल्या गेटने जायचं, कुठे बसायचं, नाव लिहिताना काय विचारतात, म्हणजे अर्धी भीती जाते.

भोसरीकर

आणि पंधरापैकी दहा मिनिटंच बोला, उरलेली त्यांच्या प्रश्नांना. निघताना एक कागद ठेवून या, त्यावर रोज काय, आठवड्याला काय, महिन्याला काय, सुपरवायझरचा नंबर, आणि मावशी सुट्टीवर गेल्या तर कोण येणार त्याचं नाव. पहिला महिना ट्रायल म्हणाले तर हो म्हणा, पण पैसे घेऊन. फुकट ट्रायल नको.