सशर्त सुटका झालेल्या व्यक्तीच्या लेखनावर सरसकट बंदी घालता येते का?

वाटसरू (प्रश्न):
माझ्या परिचयातील एक गृहस्थ नऊ वर्षांची शिक्षा भोगून, उरलेली शिक्षा काही अटींवर माफ झाल्यामुळे, नुकतेच बाहेर आले आहेत. आत असताना त्यांनी बराकीतल्या रात्री, दवाखान्यापुढची रांग, भेटीच्या दिवशीची घालमेल असे बरेच काही टिपून चार वह्या भरल्या आहेत. या टिपणांचे पुस्तक व्हावे अशी त्यांची इच्छा आहे. परंतु सुटकेच्या कागदावर ‘कोणत्याही माध्यमातून लेखन अथवा वक्तव्य करणार नाही’ अशी एक ओळ असून त्याखाली त्यांची सही आहे. सही केली म्हणजे विषय संपला का?

कायदेवाचक:
विषय संपत नाही, पण पुस्तक आधी छापून मग भांडण्याचा मार्ग मात्र धरू नये. अट मोडल्याचे ठरले तर सवलत रद्द होऊन उरलेली शिक्षा भोगावी लागू शकते.

सहीचे म्हणाल, तर एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातात कागद घेऊन समोर उभ्या असलेल्या अधिकाऱ्यापुढे केलेली सही कितपत स्वेच्छेची मानायची, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आला आहे. अमेरिकेत 2020 साली, डोनाल्ड ट्रम्प यांचे माजी वकील मायकेल कोहेन करोनाच्या साथीमुळे तुरुंगातून घरी आले होते आणि ट्रम्प यांच्यावर पुस्तक लिहीत होते. घरच्या स्थानबद्धतेसाठी त्यांच्यापुढे ठेवलेल्या कागदावर पहिलीच अट अशी होती, की पत्रकारांशी बोलायचे नाही, समाजमाध्यमांवर लिहायचे नाही आणि पुस्तकही लिहायचे नाही. त्यांनी व त्यांच्या वकिलांनी या अटीवर शंका काढली आणि त्याच दिवशी त्यांना पुन्हा तुरुंगात नेण्यात आले. दोनच आठवड्यांत न्यायाधीश अ‍ॅल्विन हेलरस्टीन यांनी ही कारवाई सूडबुद्धीची ठरवून त्यांना घरी पाठवण्याचा आदेश दिला.

आपल्याकडे 1965 साली सर्वोच्च न्यायालयाने याहून मूलभूत गोष्ट सांगितली. मुंबईतील तुरुंगात असलेल्या एका स्थानबद्धाने अणूविषयी मराठीत विज्ञानाचे पुस्तक लिहिले होते आणि सरकार ते हस्तलिखित बाहेर जाऊ देत नव्हते. स्थानबद्धतेच्या अटींत तशी मनाई नसल्याने सरकारला ते अडवता येणार नाही, असा निकाल लागला.

तिसरी_बाजू:
वरील उदाहरणे मला थोडी सोयीची वाटतात. ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांनी रोज सकाळी आरोपीच्या आठवणी वाचायच्या का? पीडितांची वा साक्षीदारांची ओळख उघड न करणे, त्यांच्याशी संपर्क न साधणे, धमकीवजा न लिहिणे, या अटी मला पूर्णपणे रास्त वाटतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली नॉर्थ कॅरोलिना राज्याचा, लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांवरील समाजमाध्यमबंदीचा कायदा घटनाबाह्य ठरवला हे खरे. पण त्यातील व्यक्ती शिक्षा पूर्ण करून चुकली होती. सशर्त बाहेर असलेल्याची स्थिती तीच नव्हे.

कायदेवाचक:
हा फरक मलाही मान्य आहे, आणि पीडितांबाबत आपण सांगितलेल्या अटींवर माझा आक्षेप नाही. त्या अटींचा गुन्ह्याशी थेट धागा आहे. दवाखान्यापुढच्या रांगेचा नाही. बातम्यांची तथ्यपडताळणी करणारे पत्रकार मोहम्मद झुबेर यांच्या जामिनाच्या वेळी, 2022 साली, त्यांनी ट्वीट करू नये अशी अट घालण्याची उत्तर प्रदेश सरकारची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. ते प्रकरण जामिनाचे, म्हणजे दोष सिद्ध होण्याआधीचे, त्यामुळे इथे ते जसेच्या तसे लागू होणार नाही. परंतु सरसकट तोंड बंद करणारी अट लोकांना बोलण्यापासूनच परावृत्त करते, हे त्यातील निरीक्षण वकिलांना उपयोगी पडेल. मूळ आदेशाची प्रत आधी मागून घ्यावी आणि अट शिथिल करण्यासाठी अर्ज करावा. तोवर वह्या घरातच राहू द्याव्यात.

वाटसरू:
आभारी आहे. आपला प्रतिसाद वाचून कागद पुन्हा नीट पाहिला. बाकीच्या सहा अटी छापील आहेत; लेखनाची ओळ तेवढी शेवटी निळ्या शाईने, वेगळ्या अक्षरात लिहिलेली आहे आणि तिच्यापुढे कोणाही अधिकाऱ्याची आद्याक्षरे नाहीत.

कायदेवाचक:
मग अर्जात सर्वप्रथम हेच लिहावे, आणि कागदाची छायाप्रत रंगीत काढावी.