मदत हवी आहे : अमेरिकेहून आणलेल्या अनलॉक्ड फोनला अपडेट मिळत नाहीत

सप्रेम नमस्कार. मी इंदूरच्या रामबागेत राहतो. भाच्याने अमेरिकेत वापरलेला अनलॉक्ड अँड्रॉइड फोन दिवाळीत माझ्या आईला दिला. तिकडे मोठ्या कंपनीचे नेटवर्क भाड्याने घेऊन सेवा देणाऱ्या एका लहान कंपनीचे सिम त्यात होते, आणि सुरक्षा अपडेट तेव्हापासूनच मागे पडली आहेत. इथले सिम घातल्यावरही ‘फोन अद्ययावत आहे’ एवढेच उत्तर येते.

माझ्या समजुतीप्रमाणे अनलॉक्ड याचा अर्थ कोणतेही सिम चालते एवढाच. कोणते अपडेट केव्हा पाठवायचे हे निर्माता मॉडेल क्रमांक आणि फोनमध्ये नोंदलेला प्रदेशाचा किंवा सेवा कंपनीचा संकेत (कोड) पाहून ठरवतो, आणि कॉल व व्होल्टीई (४जी नेटवर्कवरून होणारे कॉल) नीट चालतात का याची चाचणी मोठ्या नेटवर्कांवर आधी होत असल्याने लहान कंपन्यांचे ग्राहक मागे राहू शकतात. अँड्रॉइड १० बरोबर २०१९ मध्ये सुरू झालेली गूगल प्ले सिस्टम अपडेट (अँड्रॉइडचे काही मूळ भाग सुधारणारी) मात्र थेट गूगलकडून येतात, आणि ती या फोनवर येत आहेत.

आईचे पेन्शनचे खाते याच फोनवर असल्याने मला काळजी वाटते. जेल रोडवरील एक दुकानदार भारतीय फर्मवेअर (फोनची मूळ प्रणाली) टाकून देतो म्हणाला, परंतु अमेरिकी मॉडेलचे हार्डवेअर वेगळे असू शकते, म्हणून मी नकार दिला.

भारतीय सिम घालून फॅक्टरी रीसेट (सगळी माहिती पुसून फोन पहिल्यासारखा करणे) केल्यावर फोनमधील प्रदेशाचा संकेत बदलून अपडेट सुरू झाल्याचा अनुभव कोणाला आहे का? की निर्मात्याच्या अधिकृत प्रोग्रॅमने, संगणकाला जोडून, अपडेट करणे अधिक सुरक्षित ठरेल?