मदत हवी आहे: जुन्या प्रकल्पातील कालबाह्य पॅकेजेस कोणत्या क्रमाने अद्ययावत करावीत?

नमस्कार. चार वर्षांपूर्वी लिहिलेला एक नोड.जेएस (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) प्रकल्प नुकताच माझ्याकडे सोपवण्यात आला आहे. त्यात एनपीएम या पॅकेज-व्यवस्थापकाची ‘एनपीएम आउटडेटेड’ ही कालबाह्य पॅकेजेस दाखवणारी आज्ञा चालवल्यावर ‘करंट’, ‘वॉन्टेड’ आणि ‘लेटेस्ट’ या तीन रकान्यांसह 41 पॅकेजेसची (म्हणजे बाहेरून घेतलेल्या तयार कोड-संचांची) यादी आली. ‘वॉन्टेड’ म्हणजे पॅकेज.जेसन या प्रकल्पाच्या फाइलमध्ये दिलेल्या आवृत्ती-मर्यादेत बसणारी सर्वांत नवी आवृत्ती, हे मला ठाऊक आहे आणि तिथपर्यंतचे बदल मी चाचण्या चालवून पूर्ण केले आहेत.

खरी अडचण पुढची आहे. ‘एनपीएम ऑडिट’ ही सुरक्षा तपासणारी आज्ञा ज्या पॅकेजमध्ये गंभीर सुरक्षा-त्रुटी दाखवते, ते आम्ही थेट वापरत नसून दुसऱ्या एका पॅकेजमार्फत आत आले आहे, आणि त्या मधल्या पॅकेजची नवी आवृत्ती दीर्घकाळ प्रसिद्धच झालेली नाही. त्रुटी आपोआप दुरुस्त करणाऱ्या ‘ऑडिट फिक्स’ला ‘फोर्स’ हा पर्याय जोडल्यास मुख्य आवृत्त्याही बदलू शकतात आणि चालू कोड मोडू शकतो, म्हणून मी तो मार्ग टाळला आहे. लोकांचे रोजचे काम या प्रणालीवर चालते.

अशा वेळी पॅकेज.जेसनमधील ‘ओव्हरराइड्स’ ही सोय वापरून आतल्या पॅकेजची सुरक्षित आवृत्ती लादणे योग्य ठरेल, की मधले पॅकेजच बदलावे? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया आधी काय तपासले तेही सविस्तर सांगावे.