जवळपास नवी, पण जुनी : तुमच्या सेकंडहँड गाडीची गोष्ट सांगा

शेवंता

काल गाडी विकायची म्हणून पुढचा खण रिकामा करत होते. टोलच्या पावत्या, वाळून खडखडीत झालेलं लिंबू, टिकल्यांचं पाकीट, आणि सगळ्यात खाली निळ्या पुठ्ठ्याची शंभर पानी वही. ती गाडीबरोबरच आली होती आमच्याकडे. मी साफ विसरले होते.

२०१५. बजेट तीन लाख, त्यातले ऐंशी हजार माझ्या भिशीचे. नवीचा हप्ता झेपत नव्हता आणि आठ-दहा वर्षांची घ्यायची हिंमत नव्हती. म्हणून "वर्ष-दीड वर्षाची, कमी चाललेली" एवढा एकच मंत्र जपत तीन महिने पुणं पालथं घातलं. जी बघावी ती डॉक्टरांची! सिंगल ओनर, डॉक्टर यूज्ड. पुण्यात एवढे डॉक्टर आहेत हे मला तेव्हाच कळलं.

शेवटी मिळाली वाईजवळ मेणवलीला. एमएच ११ म्हणजे सातारा पासिंग, छोटी पेट्रोल. निवृत्त मास्तर, मुलाने परदेशी जाण्याआधी हौसेने घेऊन दिलेली. सोळा महिन्यांत ४१०० किमी, सीटची प्लास्टिकं तशीच. मास्तरांनी वहीत पट्टीने रेघा आखून एकेक फेरी लिहिलेली. "१२ जाने. ढोल्या गणपती. सौ. बरोबर." "३ फेब्रु. सातारा, दात." "१४ फेब्रु. काचा पुसल्या. ० किमी." मीटर मागे फिरवलाय का वगैरे शंकेला जागाच नाही, बेरीज तंतोतंत. आम्ही घासाघीससुद्धा फारशी केली नाही, लाज वाटली.

पण त्याच वहीत शेवटचे चार महिने कोरे होते, ते काही आमच्या डोक्यात शिरलं नाही. काकूंचा गुडघा झाला होता, गाडी जागची हलली नव्हती. बॅटरी मेलेली. टायर एकाच जागी दाबून बसलेले, ८० च्या वर गेलं की स्टिअरिंग थडथडायचं. आणि बॉनेटखाली उंदरिणीचं बाळंतपण. वायरिंग, बॅटरी, टायर मिळून सव्वीस हजार. आमचा मेकॅनिक म्हणाला, "ताई, चाळीस हजार चाललेली घेतली असतीत तर हे वाचलं असतं."

त्यानंतर मात्र दहा वर्षं गाडीने हूं की चूं केलं नाही.

तुमचं काय? फसलेले, साधलेले, सगळे लिहा.

कृष्णाकाठ

सांगली. २०१९ चा ऑगस्ट. एवढ्यावरच समजलं असेल.

पाणी ओसरल्यावर इथून ट्रेलरवर लादून गाड्या गेल्या. विम्यात टोटल लॉस झालेल्या. त्यातल्या सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत. सहा महिन्यांनी माझ्या मावसभावाने पुण्यात एक हेरली, दहा महिन्यांची, बाजारभावापेक्षा सव्वा लाखाने खाली. मला म्हणाला तू ये जरा बघायला. बाहेरून आरसा. आत अत्तराच्या दोन बाटल्या लावलेल्या, तिथेच खटकलं. एसी लावल्यावर पाच मिनिटांनी अत्तराखालून तो वास आला. ज्यांच्या घरात पाणी आलंय त्यांना सांगायला नको.

ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. पार शेवटपर्यंत, रिळात उरणारा भाग बाहेर येईपर्यंत. तिथे मातकट रेघ. आमच्या हॉलच्या भिंतीवर होती तशीच, त्याच रंगाची. धुणाऱ्याने सगळं धुतलं, बेल्ट कोण एवढा ओढतो! मग डिकीत स्टेपनी काढली, खाली बारीक वाळू. सीटच्या रुळांचे स्क्रू गंजलेले, दहा महिन्यांत.

मालकाला काही बोललो नाही. भावाला म्हटलं चल, भूक लागलीय.

पुरणपोळी_न_आवडणारी

शेवंता, मेणवलीला गेलात आणि घाटावरची घंटा बघितलीत की नाही? वसईच्या मोहिमेतली पोर्तुगीज घंटा आहे ती. नाना फडणवीसांचा वाडा पण. बाकी गाडीतलं मला काही कळत नाही, मी रिक्षावाली पार्टी.

शेवंता

बघितली की. टोकन देऊन झाल्यावर मास्तरांनी स्वतः नेऊन दाखवली. गाडीने नाही, चालत! 😀

अमेय_४३

नमस्कार. बजेट ५ लाख, ऑटोमॅटिकच हवी, आईला पण चालवायची आहे. दोन-तीन वर्षांची कोणती बघू? नवी मुंबई.

खाडीपल्याड

मी विकणाऱ्याच्या बाजूने लिहितो कारण कुणी लिहीत नाही. आपली गाडी एक्सचेंजमध्ये दिली, पैसे हातात, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या आणि पेढे वाटून मोकळा झालो. खरेदीदाराचं नाव घालायची जागा कोरी. "साहेब, गिऱ्हाईक आलं की भरतो." मी म्हटलं बरं.

सव्वा वर्ष मोबाईलवर ई-चलान येत राहिली. विरार. वसई. परत विरार. हेल्मेट नसल्याचं एकही नव्हतं हे नशीब. मग एका रात्री पोलीस ठाण्यातून फोन, तुमच्या गाडीने स्कूटरवाल्याला उडवलं. मी घरात वरणभात खातोय. स्कूटरवाला बचावला, पाय मोडला त्याचा. पण आरसीवर नाव माझं, म्हणजे कायद्याने मालक मीच. नुकसानभरपाईच्या दाव्यात पहिलं नाव माझं. त्यातून सुटायला काय काय केलं ते इथे लिहीत नाही, बीपी वाढतं.

गाडी त्याच राज्यात विकली असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आणि घेणाऱ्यांनो, विमापण आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो, आधीच्या मालकाचा ५० टक्के तुम्हाला मिळणार नाही. हे आमच्या मेव्हण्यांना क्लेमच्या वेळी कळलं.

कृष्णाकाठ

@खाडीपल्याड वाईट झालं राव. आणि फास्टॅग? तो बंद केला होता का?

खाडीपल्याड

नाही ना! खालापूरचा टोल माझ्या खात्यातून. दोनदा. त्याने लोणावळ्याला जाऊन चिक्की खाल्ली असणार माझ्या पैशांनी.

गार्गी_तळेगाव

शोरूमला मी आणि नवरा. गाडी मी चालवणार, पैसे माझे, लायसन्स माझं. त्याला सायकल सोडून काही येत नाही. तरी तो माणूस सगळं नवऱ्याला सांगतोय. "सर, पिकअप बघा. मॅडम, आरसा बघा, मेकअपला मोठा आहे." शपथ!

मी काही बोलले नाही. माझे मामा तीस वर्षं गॅरेज चालवायचे, सुट्टीत मी तिथेच पडीक. बॉनेट उघडायला लावलं. आधी ॲप्रन, म्हणजे पुढच्या चाकावरचा आतला पत्रा, बघितलं, कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर असतात, गाडी पुढून ठोकलेली असली की तिथे लांबी भरलेली दिसते. बॉनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे होते. म्हणजे एकदा तरी खोललंय. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि वर तळहात धरला, धूर येतो का बघायला. टायरवरचे चार आकडे वाचले. तीन टायर ३४२१, म्हणजे २०२१ चा चौतिसावा आठवडा. चौथा २०२३ चा. सव्वा वर्षाच्या गाडीला एकच नवा टायर का हो सर, असं मी "सरां"ना विचारलं. सर माझ्याकडे बघायला लागले.

उजव्या बाजूने घासली होती. दार बदललेलं. शेवटी तीच घेतली, बावन्न हजार कमी करून. दार बदललेल्या गाडीला काही होत नाही, चेसिस सरळ असली म्हणजे झालं.

नवऱ्याने येताना आरसा वापरून केस विंचरले. मोठा आहे खरंच.

पुरणपोळी_न_आवडणारी

😂😂 गार्गी तुझे मामा भाड्याने मिळतील का?

गार्गी_तळेगाव

मामा आता नातवाला सांभाळतात गं. पण फोनवर इंजिनचा आवाज ऐकून सांगतात, खरंच. पाठवा रेकॉर्डिंग.

श्टुटगार्टचा_जोशी

इकडे जर्मनीत ह्याला शब्दच आहे, "यारेसवागन". वर्षाची गाडी. कार कंपनीतले कर्मचारी सवलतीत नवी घेतात, वर्षभर वापरून विकतात, परत नवी. आमच्या शहरात तर असे लोक ढिगाने. माझी अशीच आहे, सर्व्हिसचं पुस्तक शिक्क्यांनी भरलेलं, वर टायरचा हिवाळी सेट फुकट. विकणाऱ्या आजोबांनी करारावर सही करायच्या आधी मला चाळीस मिनिटं वायपरचं पाणी कुठलं भरायचं ते शिकवलं. थंडीत साधं पाणी गोठतं म्हणे. जानेवारीत पटलं.

मेणवलीच्या मास्तरांशी त्यांचं जमलं असतं.

हडपसरी

माझी जखम ताजी आहे. गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घेतली. अकरा महिन्यांची, ९ हजार किमी, नवीपेक्षा पाऊण लाख स्वस्त. खूश. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटीचं जाहीर झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्या २८ वरून १८ टक्क्यांवर, वरचा सेस पण गेला. नवीच साठेक हजारांनी खाली आली. म्हणजे दुसऱ्याची वापरलेली गाडी मी कोऱ्या गाडीपेक्षा पंधरा हजार कमी देऊन घेतली. त्यात नावावर करायचा खर्च धरला तर बोलायलाच नको.

बायकोने अजून एकदाही टोमणा मारलेला नाही. तेच जास्त लागतं.

नानांचा_चष्मा

हडपसरी, सांत्वन. आमचे अण्णा दर वेळी जुनी गाडी पितृपक्षातच घेतात. त्या पंधरा दिवसांत गिऱ्हाईक फिरकत नाही, डीलर माश्या मारत बसलेला, सांगाल त्या भावाला देतो. "पितरांना काय, गाडीत बसून जायचंय का?" असं अण्णा. आजी नारळ फोडू द्यायची नाही, मग गाडी घटस्थापनेपर्यंत झाकून ठेवायची आणि घटस्थापनेला जणू आत्ताच आणली असा हार! शेजाऱ्यांना सगळं माहीत.

गेल्या वर्षी मात्र अण्णासुद्धा गेले नाहीत. म्हणाले, आता सगळेच नवी घ्यायला २२ ची वाट बघतायत, जुनीचा भाव दिवाळीनंतर अजून पडेल.

अमेय_४३

कुणी सांगेल का? ऑटोमॅटिक. ५ लाख.

वऱ्हाडी_ठेचा

दिल्लीची गाडी कोणी घेतली असन तर हात वर करा. मी केला.

तिकडे तवा डिझेलले दहाच वर्षं होते, म्हणून लोक लवकर काढत अन् भाव पाडत. चार वर्षांची, आपल्याइकडच्या भावापेक्षा दोन लाख कमी. म्या विमानाने गेलो, चालवत आणली, रस्त्यात आग्र्याचा पेठा घेतला. इथपर्यंत हिरो.

मंग एनओसी. ती यायले तीन महिने. मंग इथला टॅक्स. आपल्याइकडे डिझेलले तेरा टक्क्यांपासून सुरू होते, जुनी म्हणून जराशी सूट भेटते, पण भरा लागते एकदम. मंग एजंट. मंग पुन्हा एजंट, पयला पळाला. तवरोक दिल्लीची पाटी पाहून चौकाचौकात थांबवत. हिशेब केला तर दोन लाखातले एकतीस हजार वाचले अन् केस किती पिकले ते मोजले नाही.

पेठा चांगला होता.

खाडीपल्याड

एकतीस हजार वाचले हेही नसे थोडके. माझे वकिलाला गेले.

गार्गी_तळेगाव

@अमेय_४३ सॉरी रे, कुणीच लक्ष दिलं नाही. त्या बजेटमध्ये बहुतेक एएमटीच मिळेल. म्हणजे गिअरबॉक्स साधाच, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं मशीन करतं. त्यामुळे वापरलेली घेताना क्लच बघ. घाटात, ट्रॅफिकमध्ये ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवणारे लोक असतात, त्यांची प्लेट लवकर जाते. चढावर थांबवून परत उचलून बघ, जळका वास आला किंवा गाडी आवाज करून जागेवरच राहिली तर निघून ये. आणि सकाळी थंड इंजिनावर बघायला जा, मालकाला आधी चालू करून ठेवू नका म्हणून सांग. बॉनेटला हात लावून बघायचा, गरम असेल तर काहीतरी लपवलंय.

अमेय_४३

थँक यू ताई!! आई म्हणते बॉनेटला ती हात लावेल, तिला ताप बघायची सवय आहे.

कृष्णाकाठ

आणि बेल्ट ओढ रे.

पुरणपोळी_न_आवडणारी

शेवंता, वहीचं काय केलंस? नव्या मालकाला दिलीस?

शेवंता

आज सकाळी येऊन गेला मुलगा. पंचविशीतला असेल, वडिलांना घेऊन आलेला. पहिला प्रश्न, "ॲव्हरेज किती देते?" मी वही पुढे केली. मास्तरांनी पेट्रोलसुद्धा टिपून ठेवलंय ना. त्याने दोन पानं उलटली, ० किमीवर हसला, आणि परत दिली. वडील मात्र चष्मा लावून वाचत बसले, चहा गार झाला त्यांचा. मग म्हणाले, ह्या वहीत तुमचं काहीच नाही.

खरंच नाही. दहा वर्षांत एक ओळ नाही लिहिली आम्ही.

टोकन दिलंय त्यांनी. फॉर्म २९, ३० पूर्ण नाव घालून, माझ्यासमोर, आणि फास्टॅग उद्याच बंद करते. खाडीपल्याड, तुमचे आभार.

खाडीपल्याड

विरारचा नाही ना तो?

शेवंता

नालासोपारा 😐