एफवाय बीएस्सी, नाशिक: क्लास न लावता अभ्यास कसा सावरू?

डोंगरवाट
नमस्कार. मी सुरगाण्याकडची. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावी-बारावी सायन्स तिकडेच केलं, पुस्तकं इंग्रजीत पण सर मराठीतून समजावायचे. आता नाशिकला एफवायला आहे, गंगापूर रोडला तिघींत एक खोली. गणितं सुटतात. फिजिक्सची डेरिव्हेशन्ससुद्धा जमतात. पण ‘एक्स्प्लेन’ आलं की पेन थांबतो. पहिल्या टेस्टला २० पैकी ७. रूममेट म्हणते क्लास लाव. फी ऐकली आणि घरी विषयच काढला नाही. फुकट किंवा स्वस्तात काय मदत मिळते, कुणी सांगेल का?

सिडकोचा सायकलवाला
स्पष्ट सांगतो, क्लास लाव. निदान रोज बसणं तरी होतं. फुकटचं कुणी करत नाही.

पंचवटीकर
सायकलवाले दादा, मी लावला होता. कॉलेज रोडला, ऐंशी पोरांची बॅच. फळ्यावरचं उतरवून घेण्यात वर्ष गेलं. शंका विचारायची तर सर निघालेले असायचे पुढच्या बॅचला. हिची अडचण बसण्याची नाहीच, लिहिण्याची आहे.

कपाट क्रमांक तीन
मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, म्हणून विचारते: पुस्तक बदलण्यापलीकडे काउंटरवर कधी काही मागितलंस का? बहुतेक मुलं नाही मागत. तुमच्या ग्रंथपालांना ‘एन-लिस्ट’चा आयडी मागून बघ. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची योजना आहे. कॉलेज सदस्य असेल तर हजारो ई-पुस्तकं आणि जर्नल्स घरबसल्या उघडतात, पण आयडी ग्रंथालयामार्फतच मिळतो. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका माग. पुस्तक पेढी आहे का तेही विचार. असली तर क्रमिक पुस्तकं सत्रभर तुझ्याकडे राहतात. आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी मात्र कुणाला न विचारता स्वतःच उघडता येते.

आणि सावाना. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय, १८४० पासूनचं. एफवायचं फिजिक्स शोधायला तिथे जाऊ नकोस, पण वाचायची सवय लावायला जा. तिघींच्या खोलीत डोकं शांत राहत नसेल तर तेवढंही पुष्कळ.

गोदाकाठ
स्वयंचा फॉर्म भरलास का?

पंचवटीकर
एफवायला स्वयम, एनपीटीईएल वगैरे ऑनलाइन कोर्स कशाला? व्हिडिओ फुकट आहेत हे खरं. प्रमाणपत्र हवं असेल तर एनपीटीईएलला असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ असे गुण धरतात, परीक्षेची फी वेगळी. पण हिला आत्ता ते देणं म्हणजे तहानलेल्याला गंगापूर धरण दाखवणं. त्यापेक्षा व्हर्च्युअल लॅब्ज बघ, प्रयोग आधी स्क्रीनवर करून गेलीस तर प्रॅक्टिकलला हात थरथरत नाहीत. प्रोग्रामिंगला पायथॉन किंवा सायलॅब लागलं तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, बरेचसे मराठीतून.

गोदाकाठ
अहो तो स्वयम नाही! पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. आदिवासी विद्यार्थ्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. नावं सारखी ठेवून सरकारने आपली चांगली करमणूक केलीय. ताई, तू एसटी प्रवर्गात असशील आणि वसतिगृह मिळालं नसेल तर चौकशी कर. कॉलेजात ‘कमवा व शिका’ आहे का तेही बघ. विद्यापीठाची योजना आहे, बऱ्याच ठिकाणी ग्रंथालयातच काम देतात.

फळा-डस्टर
तीस वर्षं फिजिक्स शिकवलं, म्हणून थोडं लांबण लावतो. बेटा, तुझं इंग्रजी कच्चं आहे असं मला वाटत नाही. प्रश्नातलं क्रियापद काय मागतंय ते तुला कुणी सांगितलेलं नाही. ‘स्टेट’ म्हटलं की नियम जसाच्या तसा, एका वाक्यात. ‘डिराइव्ह’ला पायऱ्या. ‘एक्स्प्लेन’ला चार गोष्टी: काय आहे, कुठल्या अटींवर, समीकरणातलं प्रत्येक अक्षर कशाचं, आणि एक उदाहरण.

बर्नुलीचा नियम घे. आधी रूममेटला मराठीत सांग. आडव्या नळीत जिथे वेग वाढतो तिथे दाब कमी होतो. अट अशी की प्रवाह स्थिर हवा, द्रव दाबला न जाणारा आणि चिकटपणा नसलेला धरायचा. मग उदाहरण. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत ठिबकमधून खत सोडायला व्हेंचुरी बसवतात ना? नळी मध्ये अरुंद होते, तिथे दाब कमी होतो आणि बादलीतलं खत आपोआप ओढलं जातं. पुस्तकातल्या विमानाच्या पंखापेक्षा हे उदाहरण तुझं आहे, ते लिही. मराठीत सांगता आलं की मगच इंग्रजीत लिही. छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट. शब्द अडला तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश नेटवर आहेत, भौतिकशास्त्राचाही आहे.

आणि लिहिलेलं उत्तर शिक्षकांना दाखव. ‘सर, समजलं नाही’ म्हणालीस तर ते पुन्हा तेच लेक्चर देतील. कागद पुढे केलास तर चूक कुठे ते दाखवतील. बऱ्याच कॉलेजांत प्रत्येक मुलामागे एक मेंटॉर नेमलेला असतो. तुझा कोण, ते ऑफिसात विचार.

सिडकोचा सायकलवाला
सर, हे मला बारा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर! क्लासचं मागे घेतो.

पेठचा पाहुणा
धागा पळवतोय, माफी. बहीण बीएला आहे, तिला मराठीतून काही?

कपाट क्रमांक तीन
मुक्त विद्यापीठाची पुस्तकं बघा, आपल्या गोवर्धनलाच आहे विद्यापीठ. कला-वाणिज्यची पुस्तकं शिक्षक समोर नसताना वाचायची म्हणून लिहिलेली, त्यामुळे समजतात. अभ्यासक्रम मात्र तुमच्या विद्यापीठाचाच समोर ठेवा. जोडीला मराठी विश्वकोश, नेटवर फुकट आहे.

डोंगरवाट
दोन आठवड्यांनी लिहितेय. एन-लिस्टसाठी नाव आणि मेल लिहून घेतला, चार दिवसांत आयडी आला. ग्रंथालयातल्या मॅडम म्हणाल्या, यंदा एफवायची पहिलीच तू. बर्नुलीचं उत्तर सरांना दाखवलं, अर्धं खोडलं, पण व्हेंचुरीखाली रेघ मारून ‘छान’ लिहिलंय. मेंटॉर म्हणून आमच्या गणिताच्याच मॅडम निघाल्या, मला माहीतच नव्हतं. आता स्वयंचं (पैशांचं!) बघायचंय. सोमवारी आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयात जाणार आहे. काय काय न्यायचं?

गोदाकाठ
जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, कॉलेजचं बोनाफाइड, आधार आणि त्याला जोडलेल्या खात्याचं पासबुक. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स ठेव. अर्ज ऑनलाइन असतो, तो भरून मगच जा, नाहीतर हेलपाटा पडेल. आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत पोच.