शब्दचर्चा : ‘मार्गदर्शन कर’ की ‘मला चालव’?

प्रश्न : ‘प्रभू, मला मार्गदर्शन कर’ हे वाक्य आपण प्रार्थनेत सर्रास वापरतो. मार्गदर्शन म्हणजे शब्दशः रस्ता दाखवणे. माझे शिक्षण पूर्ण झाले आहे, पुढे काय करावे हे ठरत नाही, आणि वर्षभर हीच प्रार्थना करूनही रस्ता काही दिसलेला नाही. माझे मागणे चुकते आहे की शब्द चुकतो आहे? पवित्र शास्त्रात या अर्थाने नेमके कोणते शब्द आले आहेत?

उत्तर : आपले मागणे चुकीचे आहे असे मला वाटत नाही. ‘मार्गदर्शन’ हा शब्द मात्र आपल्या मनात जे चित्र उभे करतो, ते शास्त्रातील चित्राशी पुरते जुळत नाही. मार्गदर्शन म्हटले की दाखवणारा एका जागी उभा राहून बोट दाखवतो आणि जाणारा एकटा निघतो, असे आपल्याला वाटते. शिवाय संपूर्ण रस्ता आधीच दिसावा अशी अपेक्षाही त्या ‘दर्शन’मध्ये दडलेली असते.

तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाविषयी जे हिब्रू क्रियापद येते, ते ‘नाहा’, म्हणजे सोबत राहून नेणे. निर्गम १३:२१ मध्ये मेघस्तंभ आणि अग्निस्तंभ इस्राएल लोकांच्या पुढे चालतात, तेथेही हेच क्रियापद आहे. आपल्या प्रचलित मराठी भाषांतरात तेविसाव्या स्तोत्रातील या ठिकाणी ‘चालवतो’ असा शब्द योजला आहे, आणि माझ्या मते तो फार नेमका आहे. चालणारा चालतोच, पावले त्याचीच पडतात, तरी चालवणारा दुसरा कोणी असतो. मूल चालायला शिकते तेव्हा त्याला आपण दुसऱ्या टोकाला उभे राहून रस्ता दाखवत नाही, त्याचे दोन्ही हात धरून त्याला चालवतो. होशेय ११:३ मध्ये देव एफ्राइमाबद्दल, म्हणजे इस्राएल लोकांबद्दल, हेच म्हणतो, आणि तेथील हिब्रू क्रियापद ‘रेगेल’ म्हणजे पाऊल या शब्दापासून बनले आहे. देवाने हाती धरून चालवावे ही भाषा तुकोबांच्या अभंगामुळे मराठी कानांना मुळीच परकी नाही. म्हणून प्रार्थनेत ती आपण अधिक वापरावी असे मला मनापासून वाटते.

तोच ‘रेगेल’ शब्द ११९ व्या स्तोत्रात येतो. हे स्तोत्र १७६ वचनांचे असून हिब्रू वर्णमालेतील २२ अक्षरांपैकी प्रत्येकाला त्यात आठ वचने दिली आहेत. १०५ व्या वचनाशी ‘नून’ हे चौदावे अक्षर सुरू होते, आणि त्या खंडाचा पहिलाच शब्द आहे ‘नेर’, म्हणजे दिवा : तुझे वचन माझ्या पावलांसाठी दिवा आहे. हा दिवा कसा होता हे डोळ्यांसमोर आणले पाहिजे. तळहातावर मावेल अशी मातीची उथळ पणती, एका बाजूची कड चिमटून वातीसाठी केलेली चोच, आत जैतुनाचे तेल. अशी पणती हातात घेऊन अंधारात निघालेल्या माणसाला पुढचे एक-दोन पावलांचे अंतर दिसते, त्यापलीकडचे वळण दिसत नाही. ते पाऊल टाकल्यावर पुढची जमीन उजळते, कारण दिवा चालणाऱ्याबरोबर सरकतो. उभे राहून कितीही वाट पाहिली तरी उजेडाचे वर्तुळ मोठे होत नाही.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. नोकरी सोडावी की नाही यासाठी मी कितीतरी महिने खूण मागत होतो. त्या काळात रोजच्या वाचनातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा स्पष्ट होत होती, ती म्हणजे ज्या भावाशी माझे बोलणे तुटले होते त्याच्याकडे आधी जावे (मत्तय ५:२४). नोकरीशी त्याचा काहीच संबंध नव्हता, म्हणून मी ती बाजूला सारत राहिलो. पुढे गेलो, बोललो, आणि नोकरीचा प्रश्न त्यानंतरही बरेच दिवस तसाच राहिला. पण जे पाऊल उजेडात होते ते हेच होते.

नीतिसूत्रे ३:६ मध्ये मराठीत ‘मार्गदर्शक’ हा शब्द आहे, मात्र मूळ क्रियापदाचा अर्थ वाट सरळ करणे असा आहे. त्याच वचनात देवाचा ‘आदर कर’ असे आपण वाचतो, तेथे मुळात ‘त्याला ओळख’ असे आहे. म्हणजे माणसाकडे वाट ओळखण्याचे काम नसून वाटेवर देवाला ओळखण्याचे काम आहे.

जाता जाता, मराठीतील ‘मागणे’ हे क्रियापद संस्कृत ‘मार्ग्’ म्हणजे शोधणे या धातूकडूनच आले आहे, आणि ‘माग काढणे’ यातला ‘माग’ म्हणजे ‘मार्ग’च. मत्तय ७:७ मधील ‘मागा’ आणि ‘शोधा’ ही दोन क्रियापदे मराठीत अशी मुळाशी सख्खी निघतात, याचा मला दरवेळी आनंद होतो.

पुन्हा प्रश्न : मग पाऊल चुकीचे पडले तर? त्यासाठी ‘पश्चात्ताप’ हाच शब्द योग्य आहे का?

उत्तर : ‘पश्चात्ताप’ म्हणजे मागाहून होणारा ताप. त्यात जळणे आहे, वळणे नाही. हिब्रूतील ‘शूव’ चा अर्थ सरळच मागे फिरणे असा आहे. ग्रीक ‘मेटानोइया’ म्हणजे मन बदलणे. त्यामुळे नुसता ताप सोसत त्याच जागी बसून राहिलेल्या माणसाला मी ‘परत फीर’ असेच म्हणेन. यशया ३०:२१ येथे उपयोगी पडते : उजवीकडे किंवा डावीकडे वळताना ‘हाच मार्ग आहे’ ही वाणी पाठीमागून ऐकू येते, म्हणजे ती आधीच चालू लागलेल्या माणसासाठी आहे. लूक १५ मधला धाकटा मुलगाही दूरदेशी बसून केवळ हळहळत राहत नाही. तो उठतो आणि बापाकडे निघतो. तो अजून दूर असतानाच बाप त्याला पाहतो आणि धावत सुटतो, त्यामुळे परतीची वाट त्याला शेवटपर्यंत एकट्याने चालावीच लागत नाही.